मुलीला पोलीस व्हायचे आहे. त्यासाठी एकर गहाण टाकावा का?

वाचक आईचे पत्र :

"आम्ही जत तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. थोरली मुलगी वीस वर्षांची आहे. बारावीला कला शाखेतून ६१ टक्के पडले, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पोलीस भरतीचे मनावर घेतले आहे. रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळते. ८०० मीटरला साडेतीन मिनिटे लागतात म्हणते. शाळेत मोजली तेव्हा उंची १५५.५ सेंटिमीटर भरली होती. आम्ही भटक्या जमाती (क) मध्ये येतो. कॉलेज सोडून शहरातल्या अकादमीत राहायचे असा तिचा हट्ट आहे; फी, राहणे-खाणे धरून खर्च लाखावर जातो. मालक म्हणतात, एक एकर गहाण टाकू. दिरांच्या ओळखीचा एकजण आठ लाखांत काम करून देतो म्हणतो. दोन वर्षांपूर्वी भावकीत बांधावरून भांडण झाले, तेव्हा समोरच्यांनी घरातल्या सगळ्यांची नावे घातली, हिचेही. पुढे मिटले. ते फॉर्ममध्ये लिहायचे का? लोक म्हणतात, शिपाई कशाला, थेट फौजदार हो. घरी आम्ही निम्मे कानडी बोलतो, तिचे मराठी व्याकरण कच्चे आहे. बहिणीचा मुलगा निपाणीकडचा आहे, त्याला इकडे भरता येईल का? आणि खरी भीती ही, की ट्रेनिंगला पोरींकडून काय करून घेतात आणि पुढे ही नोकरी तिला झेपेल का?"

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पोलीस खात्यात मी बत्तीस वर्षे काढली, त्यातील काही वर्षे प्रशिक्षण केंद्रात शिकवले आणि भरतीच्या मैदानावर उन्हातान्हात कित्येक दिवस उभी राहिले. त्या आधारावर तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते. जमीन गहाण टाकू नका. आणि आठ लाख मागणाऱ्या माणसाला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेऊ नका. बाकीचे सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा उंचीचे, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिच्याशी जोडलेले आहेत. पोलीस शिपाई पदासाठी महिलांची उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते. तुमची मुलगी १५५.५ आहे म्हणजे ती बसते, पण अर्ध्या सेंटिमीटरच्या काठावर बसते. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीचा भरवसा धरू नका; प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात, अनवाणी, अंबाडा सोडून, टाचा आणि पाठ टेकवून नीट मोजून घ्या. माणसाची उंची सकाळी उठल्यावर थोडी अधिक भरते आणि दिवसभराच्या उभे राहण्याने संध्याकाळपर्यंत जवळपास एक सेंटिमीटरने कमी होऊ शकते, म्हणून सकाळी आणि सायंकाळी दोन्ही वेळा मोजा. मैदानावर पट्टीपाशी उभ्या राहिलेल्या मुली घाबरून खांदे पाडतात, मान आत घेतात आणि हक्काची उंची स्वतःच घालवतात. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ताठ उभे राहण्याचा सराव हादेखील तयारीचाच भाग मानावा, असे माझे मत झाले आहे. मोजमाप चुकले असे वाटले तर हरकत त्याच दिवशी, मैदान सोडण्यापूर्वी, तेथील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे नोंदवायची असते. घरी येऊन रडण्याने काही होत नाही.

आता "थेट फौजदार" म्हणणाऱ्यांविषयी. पोलीस उपनिरीक्षकाची सरळसेवा भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, तिला पदवी लागते आणि महिलांची उंची किमान १५७ सेंटिमीटर लागते. वीस वर्षांच्या मुलीची उंची आता दीड सेंटिमीटरने वाढेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. त्यामुळे आयोगाच्या वाटेने फौजदार होणे तिला शक्य दिसत नाही, हे तिला आजच स्पष्ट सांगा; कोणीतरी भाबडेपणाने दिलेल्या सल्ल्यापायी चार वर्षे पुण्यातल्या अभ्यासिकेत घालवून उंचीच्या पट्टीपाशी बाहेर पडलेल्या मुली मला ठाऊक आहेत. शिपाई म्हणून लागल्यावर पुढे हवालदार, सहायक उपनिरीक्षक आणि उपनिरीक्षक अशी पदोन्नतीची शिडी आहे. पूर्वी मध्ये पोलीस नाईक ही पायरी होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली, त्यामुळे वाट थोडी जवळची झाली आहे. आणि शिपायाची नोकरी कमी प्रतीची नाही. सातव्या वेतन आयोगात तिची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे, वर भत्ते वेगळे, आणि हा पगार प्रशिक्षणाच्या काळापासूनच सुरू होतो.

म्हणूनच कॉलेज सोडू नका असे मी म्हणते. शिपाई भरतीला बारावी पुरते हे खरे, पण पदवी हातात असली तर राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी अशा पदांच्या परीक्षा तिला देता येतील, आणि तेथे उंची कोणी मोजत नाही. नियमित वर्गांना जाणे जड जात असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातून पदवी पूर्ण करता येते. शिवाय तिच्या हातात वेळ आहे. शिपाई पदासाठी वय १८ पूर्ण लागते. वरची मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे आहे. तुमची मुलगी वीसची आहे. ही तिची शेवटची संधी नाही, पहिली आहे. घरातल्या सगळ्यांच्या बोलण्यातून हे तिला कळत राहिले तर तिच्या पायांतील निम्मे ओझे उतरेल.

भरती कशी होते ते तुम्हालाही माहीत असावे, म्हणजे कोणी काहीबाही सांगून फसवणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीपासून आधी मैदान आणि मग लेखी असा क्रम आहे. मैदानाचे ५० गुण. मुलींना ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. (मुलांना ८०० ऐवजी १६०० मीटर पळावे लागते.) ५० पैकी निम्मे गुण मिळवावे लागतात आणि मग प्रत्येक प्रवर्गात जितक्या जागा असतील त्यांच्या दहापट उमेदवार गुणांच्या क्रमाने लेखीला बोलावले जातात. म्हणजे नुसते २५ गुण मिळवून काही साधत नाही; दहापटीच्या आत यावे लागते आणि अंतिम यादीतही मैदानाचे गुण लेखीच्या गुणांत मिळवले जातात. लेखी परीक्षा १०० गुणांची, मराठीतून, दीड तासाची : अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण. तीत किमान ४० टक्के लागतात.

मुलगी ८०० मीटर साडेतीन मिनिटांत पळते असे तुम्ही लिहिले आहे. पूर्ण २० गुणांसाठी दोन मिनिटे पन्नास सेकंदांच्या आत यावे लागते. साडेतीन मिनिटांना त्याच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळतात. पण तिने हे अंतर कशाने मोजले, ते आधी पाहा. रस्त्यावरचा "त्या बाभळीपासून पुलापर्यंत" हा हिशेब कधी ७०० मीटर भरतो, कधी ९५०. शाळेच्या किंवा तालुक्याच्या मैदानावर फिता धरून एकदा आखणी करून घ्या, चुन्याच्या खुणा टाका आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. पळणाऱ्याने स्वतःची वेळ स्वतः घेऊ नये. दुसरी गोष्ट, रोज ८०० मीटरच पळत राहिले तर वेळ एका जागी अडकते. आठवड्यातून दोन दिवस २०० आणि ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये चालत विसावा, एक दिवस तीन-चार किलोमीटरचे सावकाश धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, असे केले तर चार-सहा महिन्यांत फरक दिसतो. डांबरावर रोज पळून नडगीचे हाड दुखू लागते, म्हणून मातीची जागा शोधा. आणि पळण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडच्या कितीतरी मुलींना रक्तच कमी असते, त्या जीव तोडून पळतात आणि वेळ का सुधारत नाही म्हणून स्वतःला दोष देतात. आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, गोळ्याही मिळतात. पाळीच्या दिवसांत मैदानाची तारीख येऊ शकते, तेव्हा त्या दिवसांत सराव अगदी बंद न ठेवता झेपेल तेवढा चालू ठेवावा, म्हणजे ऐनवेळी शरीर अनोळखी वाटत नाही.

गोळ्याकडे मुली सर्वांत कमी लक्ष देतात आणि गुण तेथेच सर्वांत लवकर वाढतात. मुलींचा गोळा चार किलोचा असतो आणि सहा मीटरला पूर्ण १५ गुण मिळतात. तुमच्या मुलीला अंगणात उभी करून पाहा : ती गोळा तळहातात घट्ट धरून चेंडूसारखा फेकत असेल. तसे केले की कोपर दुखते आणि गोळा साडेतीन-चार मीटरवर पडतो. गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी ठेवायचा, मानेला हनुवटीखाली टेकवायचा, गुडघे वाकवून कंबर वळवायची आणि पायांतून आलेला जोर खांद्यावाटे वर ढकलायचा. गोळा फेकायचा नसतो, लोटायचा असतो. लोखंडी गोळा एकदाच विकत घ्यावा लागतो, परसात एक खळगा करून रोज वीस-पंचवीस वेळा लोटला तर त्याची किंमत दोन महिन्यांत वसूल होते. खुरपणी-पाणी भरण्याची सवय असलेल्या मुलींच्या कमरेत जोर असतोच. तो गोळ्यापर्यंत कसा न्यायचा एवढेच त्यांना कोणी दाखवलेले नसते.

यासाठी लाख रुपयांची अकादमी लागते का? माझ्या मते नाही. काही अकादम्या चांगल्या आहेत, निवृत्त सैनिक-पोलीस मनापासून घाम गाळून मुले घडवतात, हे मी नाकारत नाही. पण तेथे जे मिळते त्यातील बरेचसे गावात उभे करता येते : मोजलेले मैदान, चार किलोचा गोळा, गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि सोबत पळणाऱ्या दोन-तीन मुली. तालुक्याला भरती झालेला एखादा जवान किंवा कॉलेजातले क्रीडाशिक्षक आठवड्यातून एकदा चुका दाखवायला तयार होतात. मी विचारून पाहिलेला असा माणूस क्वचितच नाही म्हणाला. फारच वाटले तर मैदानाच्या आधी दीड-दोन महिने एखाद्या जवळच्या अकादमीत पाठवा. पण जाण्यापूर्वी तुम्ही स्वतः जाऊन मुलींची राहण्याची जागा, न्हाणीघर आणि रात्री तेथे कोण स्त्री असते ते डोळ्यांनी पाहून या. आणि कोणत्याही अकादमीत किंवा मैदानाजवळ कोणी ताकदीचे इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर तिने तेथून सरळ निघून यावे. उत्तेजक घेतल्याचे उघड झाले तर उमेदवारी जाते, आणि उन्हात धावताना हृदयावर येणारा ताण जिवावर बेतू शकतो.

आठ लाखांच्या माणसाविषयी आणखी दोन वाक्ये, कारण दिरांना समजावताना तुम्हाला ती उपयोगी पडतील. मैदानावरच्या चाचण्यांचे चित्रीकरण होते, गुण तेथेच उमेदवाराला दाखवून सही घेतली जाते, लेखीच्या उत्तरतालिका प्रसिद्ध होतात. या साखळीत बाहेरच्या माणसाला हात घालता येत नाही. असे लोक एक साधी युक्ती करतात : वीस जणांकडून पैसे उचलतात, त्यातील दोघे-तिघे स्वतःच्या कष्टाने लागतात, त्यांचे पैसे ठेवून घेतात आणि उरलेल्यांना "पुढच्या भरतीला बघू" म्हणून फिरवतात. स्पर्धा परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध राज्याने २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. पैसे घेणारा सरकारी नोकर असल्याचे सांगत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. पोलीस होण्यासाठी पहिले पाऊल लाच देऊन टाकलेली मुलगी उद्या फिर्याद घेऊन आलेल्या बाईच्या डोळ्याला डोळा कसा देईल, हा विचारही दिरांपुढे ठेवा.

आता बांधाच्या भांडणाचे. तुमच्या पत्रात मला सर्वांत गंभीर वाटली ती हीच गोष्ट. "पुढे मिटले" असे तुम्ही लिहिले आहे, पण ते कोठे मिटले? गावात चार माणसांत मिटले की न्यायालयात मिटले? या दोन्हींत फार मोठा फरक आहे. पोलीस ठाण्यात तेव्हा नुसती अदखलपात्र नोंद झाली असेल तर प्रकरण किरकोळ असते. दोन्ही बाजूंना तहसीलदारांपुढे उभे करून शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले असेल, ज्याला लोक चॅप्टर केस म्हणतात, तर तो कागद वेगळा. आणि गुन्हा दाखल होऊन दोषारोपपत्र न्यायालयात गेले असेल, तर गावातल्या बैठकीत हात मिळवल्याने ते प्रकरण संपत नाही; ते तेथे तारखांवर चालूच राहते आणि हजर न राहिल्यास एखाद्या दिवशी वॉरंट येते. गुन्हा तडजोडयोग्य असेल आणि न्यायालयात रीतसर तडजोड नोंदवली असेल, तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. म्हणून ठाण्यात जाऊन गुन्ह्याचा क्रमांक घ्या, जतच्या न्यायालयात चौकशी करा आणि आदेश झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढा. प्रकरण अजून प्रलंबित असेल तर वकिलाकडून तडजोडीचा अर्ज आताच द्या. निवडयादी लागल्यावर धावाधाव करण्याची वेळ येऊ देऊ नका.

आणि तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर : हो, लिहायचे. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतला जातो. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, असे त्यात स्पष्ट विचारलेले असते, आणि नंतर तुमच्याच ठाण्याकडून चारित्र्य पडताळणी होते. तेथे नोंद आहे आणि नमुन्यात "नाही" लिहिले आहे असे दिसले की प्रश्न बांधाच्या भांडणाचा राहत नाही, खोटे लिहिल्याचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात याविषयीची तत्त्वे घालून दिली आहेत : उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, प्रकरण किरकोळ असेल तर नियुक्ती करणारा अधिकारी ते नजरेआड करू शकतो, खरे सांगितले म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असा हक्क मात्र तयार होत नाही, अधिकारी पूर्ववृत्ताचा विचार करू शकतो. भावकीच्या भांडणात घरातल्या सगळ्यांची नावे घालणे हा आपल्या भागातला जुना प्रकार आहे, तो पोलीस अधिकाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. लपवलेल्या किरकोळ गुन्ह्यापायी प्रशिक्षणाच्या उंबरठ्यावरून परत गेलेला एक मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या वडिलांना कोणीतरी सांगितले होते, "मिटलंय ना, मग लिहायचं कशाला?" तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला तोच आठवला.

कागदपत्रांकडे वळते. जातीचा दाखला, उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचा म्हणजे नॉन-क्रीमीलेयरचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, संगणकाचे एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र. नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्याला मुदत असते आणि जाहिरातीत ठरवलेल्या तारखेला तो वैध असावा लागतो. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात गर्दी उसळते, म्हणून तो आधीच काढा. जातवैधतेचा प्रस्ताव कॉलेजमार्फत दिलेला नसेल तर तोही आता द्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव एक आणि आधारवर "राव" लावलेले, असा फरक असेल तर तो आजच दुरुस्त करून घ्या. गुणवत्ता असून अशा एका अक्षरापायी टेबलापाशी अडून बसलेल्या मुली पाहिल्या की माझा जीव तुटत असे. तिच्या प्रवर्गातील महिलांसाठीच्या ३० टक्के समांतर आरक्षणाचा लाभ तिला मिळू शकतो, पण अर्जात तो रकाना बरोबर भरला तरच.

अर्ज करताना आणखी एक निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. प्रत्येक जिल्हा पोलीस दल, आयुक्तालय आणि लोहमार्ग पोलीस हा वेगळा घटक असतो आणि एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शासनाने १५,६३१ पदांच्या भरतीला मंजुरी दिली, त्यात पोलीस शिपायांची १२,३९९ पदे होती. पण ती घटकागणिक वाटली गेल्यावर एखाद्या जिल्ह्यात तिच्या प्रवर्गातील महिलांच्या वाट्याला दोन-तीन जागाही येऊ शकतात. मुंबईत जागा अधिक, पण उमेदवारही अधिक, आणि एकदा तेथे लागल्यावर आंतरजिल्हा बदली होऊन सांगलीला यायला वर्षे जातात. नुसत्या जागांच्या आकड्याकडे पाहून घटक निवडू नका. जेथे राहून नोकरी करण्याची तिची तयारी आहे, असाच घटक निवडा. मराठी व्याकरणाची काळजी मात्र सोडा. घरी कानडी बोलणारी मुले व्याकरण नियमाने शिकतात आणि कधीकधी आमच्यापेक्षा बिनचूक सोडवतात. लिंग, वचन, विभक्ती, समास, वाक्प्रचार एवढे जुन्या प्रश्नपत्रिकांवरून रोज अर्धा तास केले तरी पुरे.

बहिणीच्या मुलाबद्दल : महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना आपल्या राज्याच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी तेथील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. त्याचे गाव त्या यादीत आहे का, ते पाहा.

आता प्रशिक्षणाविषयी, जेथे तुमचा खरा जीव अडकला आहे. शिपायांचे मूलभूत प्रशिक्षण निवासी असते आणि अनेक वर्षे ते नऊ महिन्यांचे राहिले आहे. तुमच्याच जिल्ह्यात तासगावजवळ तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. खंडाळा, सोलापूर, जालना, अकोला, नागपूर, लातूर येथेही आहेत. पहाटे पाचच्या सुमारास शिट्टी होते. हजेरी, शारीरिक कसरत, मग मैदानावर कवायत, त्यानंतर न्याहारी आणि दुपारी वर्ग. खात्याच्या भाषेत मैदानावरच्या शिक्षणाला बाह्यवर्ग आणि वर्गातल्या शिक्षणाला आंतरवर्ग म्हणतात. पहिले पंधरा दिवस अवघड जातात, हे तुमच्यापासून लपवत नाही. नव्या बुटांनी टाचेला फोड येतात, गणवेशाच्या इस्त्रीची घडी चुकली म्हणून मैदानाला फेरी मारावी लागते, रात्री पत्र्याच्या पेटीवर डोके ठेवून मुली हुंदके देतात. दहाव्या-बाराव्या दिवशी घरी फोन येतो, "मला घेऊन जा." त्या फोनला तुम्ही काय उत्तर देता, यावर बरेच काही अवलंबून असते. महिन्याभरात तीच मुलगी पुढच्या तुकडीच्या मुलीला फोडावर पट्टी कशी लावायची ते शिकवते.

पुढे बंदुकीचा सराव येतो. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट दाबून धरला नाही तर गोळी सुटताना असा धक्का बसतो की चार दिवस खांदा काळानिळा राहतो. बहुतेकींना तो पहिल्या दिवशी बसतोच. पण मला शिकवताना सर्वांत अधिक आनंद आंतरवर्गात मिळाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले, त्यामुळे आता मुलींना तेच शिकवले जातात. सोबत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा, फिर्याद कशी नोंदवायची, ठाणे दैनंदिनीत काय लिहायचे, पंचनामा कसा करायचा. एका वर्षी मी वर्गात खोटी चोरी मांडली होती : उघडे कपाट, सांडलेले पीठ, मोडलेली कडी. शहरातल्या मुलींनी छान भाषेत पंचनामे लिहिले, पण खिडकी कोणत्या बाजूला ते एकीलाही सांगता आले नाही. शेतकऱ्याच्या एका मुलीने मात्र सुरुवातच चतुःसीमेने केली, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, आणि पिठातल्या पावलांचे तोंड कोणीकडे होते तेही लिहिले. लहानपणापासून सातबारा आणि मोजणी पाहिलेली ती मुलगी. तुमच्या मुलीने घरात पाहिलेले काहीही वाया जात नाही, ते असे उपयोगी पडते.

नोकरी झेपेल का, याचे उत्तर मी गोड करून देणार नाही. गणेशोत्सवात, आषाढीला पंढरपुरात, निवडणुकीत बारा-बारा तास बंदोबस्ताला उभे राहावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी देण्याचा आदेश निघाला. तो काही ठाण्यांत नीट पाळला जातो, काही ठिकाणी मनुष्यबळाअभावी बाजूला पडतो. बंदोबस्तावर बाईला स्वच्छतागृह न मिळणे ही आमच्या खात्याची जुनी उणीव आहे. मोठ्या ठिकाणी फिरती स्वच्छतागृहे आली, पण सगळीकडे नाही, आणि मी नोकरीत असताना यासाठी जितके भांडायला हवे होते तितके भांडले नाही याची मला खंत आहे. दुसऱ्या बाजूला, कायद्याने स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते, अत्याचार झालेल्या मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, आणि तशा रात्री ठाण्यात एक महिला शिपाई जरी हजर असली तरी आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो ते मी पाहिले आहे. लग्नाची घाई करू नका. प्रशिक्षणात रजा फार मिळत नाहीत, आणि रात्रपाळी म्हणजे काय ते समजून घेणारे सासर शोधायला सवड लागते. पहाटे अंधारात एकटी पळणाऱ्या मुलीला उद्याच्या नोकरीची भीती वाटत नसावी असे मला वाटते, पण ती एकटी पळते हे मात्र थांबवा. सोबत कोणीतरी असू द्या.

सोमवारी पहिले काम न्यायालयाचे करा. प्रमाणित प्रत हातात आली की तिची नक्कल मला सदराच्या पत्त्यावर पाठवा. साक्षांकन नमुन्याच्या त्या रकान्यात नेमके कोणते शब्द लिहायचे, त्याचा मसुदा मी तयार करून देईन. मुलीचे मोजलेल्या मैदानावरचे ८०० मीटर आणि गोळ्याचे अंतर, दोन्ही आकडे त्याच पाकिटात घाला.